पिवळ्याची पारख

माझे दाजी पांढऱ्याला कधी नुसता पांढरा म्हणत नाहीत. दुधाचा पांढरा वेगळा, खडूचा वेगळा, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीचा वेगळा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची उभी हयात रंगाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक भिंतीचा एखादा पोपडा कागदात गुंडाळून आणतं आणि म्हणतं, अगदी असाच हवा. दाजी तो पोपडा नखाने उलटतात, दुकानाच्या पायरीवर नेऊन उजेडात धरतात, परत आत आणून दिव्याखाली धरतात. मग डब्यातल्या पांढऱ्यात एकेका रंगाचे थेंब सोडत बसतात. आता दुकानात रंग मिसळायचं मशीन आलंय. नव्या घरांना ते पुरतं. पण अर्धी भिंत जुनीच ठेवून अर्धी रंगवायची असेल तर मशीनही हात टेकतं, आणि मालक आतल्या बाजूला तोंड करून हाक मारतात, "रंगमास्तर, जरा या."

ओला रंग बघून हो म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. पुठ्ठ्यावर एक हात मारायचा, वाळू द्यायचा आणि मगच बघायचं. "ओला रंग खोटं बोलतो," असं ते म्हणतात. दुकानात हे ठीक आहे हो, पण हा माणूस घरातही प्रत्येक गोष्ट वाळेपर्यंत थांबतो. नवी कपाटं घ्यायची ठरली तेव्हा ताई आणि मी चार दुकानं पालथी घालून आलो, तरी यांचं "बघू" संपेना. माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. मी म्हणायचे, "दाजी, तुम्ही बघत बसा, तोवर कपाटांना वाळवी लागेल." ते हसायचे आणि मला म्हणायचे, "मेहुणीबाई, घाई तुमची, घर माझं."

ताई मात्र या संथपणावर कधी चिडली नाही. ती शाळेच्या ग्रंथालयात होती. वात्रट पोरांना सांभाळून सांभाळून तिला धीर धरायची सवय झाली होती. शिवाय तिचा या माणसावर जीव होता, आणि जीव असला की माणसाचे दोषसुद्धा अंगवळणी पडतात.

त्यांच्या झोपायच्या खोलीला ताईला पिवळा रंग हवा होता. फार भडक नको, सकाळचं ऊन आत आल्यासारखा. दाजींनी तो रंग मन लावून बनवला आणि सुट्टी काढून स्वतःच्या हाताने लावला. झकास झाला होता. नंतर काही दिवसांनी ताई आरशासमोर केस विंचरत होती तेव्हा दाजींना तिचा चेहरा पिवळट वाटला. त्यांनी मनाशी म्हटलं, भिंत जास्त झाली.

आता हे दुसऱ्या कोणा नवऱ्याच्या डोक्यात आलं नसतं. पण भिंतीचा रंग माणसाच्या अंगावर पडतो, हे खरंच आहे. हिरव्या खोलीत बसलेला माणूस आजारी दिसतो, गुलाबी खोलीत ताजा दिसतो. गिऱ्हाइकांना हे दाजीच समजावून सांगतात. म्हणून त्यांनी ताईला काही न बोलता त्या पिवळ्यात पांढरा घालून नवा हात दिला. ताईचा चेहरा तसाच. मग त्यांनी भिंत फिकट राखाडी केली. त्याच सुमारास ताईच्या अंगाला खाज सुटायला लागली. ती रात्ररात्र पाय खाजवायची. दाजी म्हणाले, रंगाचा वास सोसत नसेल, आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. तरी फरक पडेना, तेव्हा त्यांनी सगळी खोली पांढरी करून टाकली.

त्या पांढऱ्या खोलीत मी एका सकाळी ताईला भेटायला गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. मी दारातूनच म्हटलं, "ताई, अगं तुला कावीळ झालीये." दाजी शिडीवरून छताची कड रंगवत होते. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मागे पांढरी भिंत, पुढे ती. हातातला ब्रश त्यांनी डब्यात ठेवला नाही, तो हातातच राहिला आणि त्यातून रंग ठिपकत राहिला.

पोटाच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्यापेक्षा लहान होत्या, पण बोलणं समजुतीचं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृतात पित्त तयार होतं, ते एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. ताईच्या त्या नळीत गाठ वाढली होती. पित्ताला खाली जायला वाट नव्हती, म्हणून ते रक्तात शिरलं होतं आणि रक्तातून कातडीत आलं होतं. खाजही त्याचीच होती. गाठ कर्करोगाची होती, आणि अशा जागी की कापून काढता येत नव्हती. तोंडातून दुर्बीण घालून त्या अरुंद जागेत एक छोटी प्लास्टिकची नळी बसवायची, म्हणजे पित्त वाहतं राहील, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "या आजाराचं असंच असतं. पिवळेपणा दिसतो तोवर बहुतेकांचं कापण्यापलीकडे गेलेलं असतं. भिंतीमुळे फार फरक पडला नाही, काका." हे त्यांनी दाजींकडे बघून सांगितलं, कारण दाजींनी भिंतीची सगळी हकिगत त्यांना आल्या आल्या ऐकवली होती. दाजींनी मान हलवली. पण त्यांच्या मनाने ते घेतलं नाही, हे आम्हा दोघींना कळलं.

नळी बसली. खाज थांबली, ताई झोपायला लागली आणि हळूहळू तिचा मूळचा गव्हाळ रंग परत आला. तिथून दाजींचा दिनक्रम सुरू झाला. सकाळी चहाच्या आधी ते ताईला खिडकीशी उभं करायचे, अंगठ्याने तिची खालची पापणी ओढायचे आणि डोळ्याचा पांढरा भाग बघायचे. दुपारी जेवायला आले की पुन्हा. संध्याकाळी दिव्याखाली पुन्हा. ताई पहिल्यांदा हसण्यावारी न्यायची. "मी काय पोपडा आहे का हो?" म्हणायची.

काही महिन्यांनी एका सकाळी ते म्हणाले, "आलंय." मी बघितलं, मला काही दिसेना. ताईलाही आरशात दिसेना. पण दुसऱ्या दिवशी तिला सडकून ताप भरला. नळी गाळाने बुजली होती आणि आत जंतू झाले होते. ताई त्यातून वाचली, पण अर्धी होऊन घरी आली. मग तर दाजींनी दुकानाची वेळ कमी केली आणि बघण्याची वाढवली. ती जेवत असली तरी बघायचे, वाचत असली तरी बघायचे. झोपेत पापणी उघडून बघताना तिला जाग आली, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला.

मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ताईचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. ती म्हणत होती, "तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. तुम्ही फक्त रंग बघता. मी बोलते ते ऐकू येतं का तुम्हाला? मी काल काय म्हणाले, सांगा बरं." 

आत होती ती नळीही पुन्हा बुजणारच होती, म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नव्या नळीबद्दल सांगितलं. ही नळी तारेच्या बारीक जाळीची होती आणि तिच्यावर पातळ पापुद्रा होता. त्या पापुद्र्यात गाठीवरचं औषध भरलेलं. नळी आत बसली की औषध थोडं थोडं झिरपत राहतं, तेही थेट गाठीत, सगळ्या अंगभर नाही. गाठ जाळीवर चढून वाट बंद करू नये, हा हेतू. "पण याचा अजून अभ्यास चालू आहे," त्या म्हणाल्या. "काहींची वाट साध्या नळीपेक्षा जास्त काळ मोकळी राहते, काहींची राहत नाही. आजार यानं बरा होत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी माझी वागणूक बदलणार नाही, साधी नळी आहेच."

दाजी खुर्चीच्या कडेवर आले होते. "म्हणजे ओलीच्या भिंतीला बुरशी धरू नये म्हणून रंगात औषध घालतो, तसं?"

"साधारण तसंच," त्या हसल्या. "फक्त तुमची भिंत एका जागी उभी असते. आमची सारखी हलते, तिच्यातून पित्त वाहतं, आणि आत जाऊन दुसरा हात देता येत नाही."

"मग घालूच या," दाजी म्हणाले.

"मला नको," ताई म्हणाली.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. ताई म्हणाली, तिला दवाखान्याचा कंटाळा आलाय, सुयांचा आलाय, आणि सगळ्यात जास्त खिडकीशी उभं राहायचा आलाय. जी नळी बसेल ती बसेल, पण राहिलेले दिवस तिला तपासणीच्या टेबलावर काढायचे नाहीत, आणि घरीही तेच टेबल नको.  दाजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. ताईने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. बसवते ती औषधाची नळी. पण एका अटीवर. आजपासून तुम्ही माझ्या डोळ्यांत पिवळं शोधायचं नाही. रक्त तपासायला डॉक्टर आहेत, बघायला धाकटी आहे. तुम्ही नवरा आहात, नवऱ्यासारखं राहा."

"बरं," दाजी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी वाळायची वाट न बघता हो म्हटलं.

नळी बसली आणि खरंच चांगले दिवस आले. ताईची भूक परत आली. ती दुपारी आरामखुर्चीत बसून ग्रंथालयातल्या पोरांसाठी पुस्तकांना कव्हरं घालायची. ताप नाही, खाज नाही. महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं आणि घरी यायचं. मी रोज चक्कर मारायचे, डोळ्यांत डोकवायचे, आणि दाजींना मान हलवून सांगायचे, सगळं ठीक. त्यांनी शब्द पाळला, पण कसा, ते बघून मला हसू यायचं. ताईशी बोलताना ते तिच्या कपाळाकडे बघायचे. चहा देताना कपाकडे बघायचे. तिने एकदा विचारलं, "माझ्या तोंडावर काही लिहिलंय का हो, की वाचलं तर पाप लागेल?" तेव्हा ते तिच्या हनुवटीकडे बघून हसले. पण तिचं बोलणं ते आता ऐकायचे. संध्याकाळी ती पुस्तकातलं काही सांगायची आणि ते मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्या दोघांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

दुकानात मात्र काहीतरी बिनसलं होतं. एका बाईंनी डबा परत आणला, म्हणाल्या भिंत निळसर दिसतेय. मग आणखी एक गिऱ्हाईक आलं. मालकांनी समजून घेतलं, रंगमास्तरांचं लक्ष बायकोकडे आहे, चालायचंच. माझ्या स्वतःच्या दाराला त्यांनी हस्तिदंती रंग लावून दिला तो असा निघाला की माझी शेजारीण म्हणाली, "थंडीने गारठलंय का हो तुमचं दार?" मी दाजींना बोलले नाही. त्यांच्या डोक्याला आधीच कमी ताप नव्हता.

एका दुपारी दाजी माझ्या घरी आले. कधी न येणारा माणूस भर दुपारी दारात उभा. ते खुर्चीत बसले, दिलेलं पाणी तसंच हातात धरून राहिले.

"मेहुणीबाई, मी अट मोडली," ते म्हणाले. "ती खुर्चीत झोपली होती. बघितलं नाही मी, नुसता जवळून गेलो. तिनं डोळे उघडले. पिवळं आहे."

"मी सकाळीच बघून आले, दाजी. काही नव्हतं."

"मागच्या वेळीही तुम्हाला दिसलं नव्हतं."

 मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी ताप आला होता. आणि या नळीनंतर फारसं काही हातात नाही, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नव्हतं. मी चपला घातल्या. वाटेत दाजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तिला कसं सांगायचं?"

सांगावं लागलंच नाही. आम्ही दोघं अवेळी दारात दिसलो, तेव्हाच ताईने पुस्तक मिटलं. "बघितलंत ना तुम्ही?" ती म्हणाली. दाजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता पुन्हा आवाज चढेल. ताई उठली, कपाटातून दवाखान्याची पिशवी काढली आणि म्हणाली, "चला."  मी पिशवी तिच्याकडून घेतली. मी फार घाबरले होते, आणि तिला ते कळू नये म्हणून रिक्षावाल्याशी उगीच भांडले.

दवाखान्यात रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली, आणि आम्ही तिघं बाकावर बसलो. दाजी ताईच्या बाजूला बसले होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. ताईने त्यांचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रक्त उत्तम आहे. नळी मोकळी आहे. गाठ होती तेवढीच आहे. काकू, तुम्ही घरी जाऊन जेवा."

माझा जीव भांड्यात पडला. पण दाजी उठून उभे राहिले. "नाही हो डॉक्टर. तुमचं यंत्र चुकलं असेल. पिवळं आहे. मी पन्नास प्रकारचे पिवळे ओळखतो."

मला त्यांचा राग आला. चांगली बातमी कळली तर घ्यावी ना माणसाने. पण डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्या दाजींच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. "काका, माझे डोळे बघा. कसे आहेत?"

दाजींनी निरखून बघितलं. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. "रागावू नका," ते हळूच म्हणाले, "पण तुमच्यातही झाक आहे. तुम्हीही रक्त तपासून घ्या."

"आणि यांचे?" त्यांनी मला पुढे केलं.

"मेहुणीबाईंचेही," दाजी म्हणाले, आणि मटकन खाली बसले. "अरे देवा, सगळ्यांना झालीये."

डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. त्या म्हणाल्या, "आता डावा डोळा हाताने झाका. फक्त उजव्याने काकूंकडे बघा."

दाजींनी तळहाताने डोळा झाकला आणि ताईकडे बघितलं. मग हात बदलला. परत बदलला. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं. "या डोळ्यानं आहे," ते म्हणाले, "आणि याने नाही."

"मोतीबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यातली काच पिवळी पडते. हळूहळू पडते, म्हणून कळत नाही. डाव्यात बराच आहे, उजव्यात सुरुवात असेल. साधी शस्त्रक्रिया असते, काळजी करू नका."

 मग ताई म्हणाली, "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. आमच्याकडे कावीळ मला झाली आणि जग पिवळं यांना दिसतंय." आणि ती हसायला लागली. आजारापासून मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. हसता हसता तिला रडू फुटलं, मलाही फुटलं. निळसर भिंती, गारठलेलं दार, सगळ्याचा उलगडा मला तिथेच झाला: त्यांना रंगात नसलेलं पिवळं दिसायचं आणि ते मारायला ते निळा घालायचे. एकटे दाजी तळहात डोळ्यावर धरून बसले होते. रंगाच्या माणसाला तुझे डोळे बिघडले म्हणून सांगणं म्हणजे गवयाला घसा गेला म्हणण्यासारखं. पण ते त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ते उजव्या डोळ्याने ताईकडे बघत होते.

मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतोय, आणि त्यांनी झटकन नजर तिच्या कपाळावर नेली.

"असू दे," ताई म्हणाली. "बघा."

त्यांनी बघितलं. डॉक्टरीणबाई निघून गेल्या, शेजारच्या बाकावरची माणसं बदलली, तरी ते बघत होते. ताईने मान वळवली नाही.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"तुझाच आहे," ते म्हणाले. "तुझाच रंग आहे."

 ताईने त्यांच्या डोळ्यावरचा हात हळूच खाली घेतला आणि म्हणाली, "अहो, डोळ्याचं लवकर करून घ्या. आता बघू-बघू करू नका. मी आहे तोवर मला नीट बघून घ्या."

दाजी उठले आणि डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसतात ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेले.